पूर्वज पुष्कळ, दादा बेपत्ता

जून महिन्यात पहिलीचे प्रवेश सुरू झाले की शाळेचे जनरल रजिस्टर माझ्याकडे येते. विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, जन्मस्थळ, जात, पोटजात असे रकाने ठरलेले असतात. पुढे जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ लागते, म्हणून मी पालकांना दादा-परदादांची नावेही विचारून ठेवतो. दादापर्यंत बहुतेकांची गाडी जाते. परदादा म्हटले की माणसे एकमेकांकडे पाहून हसतात. एकदा एका पालकाने मला उलट प्रश्न केला, "सर, तुमच्या दादांचं नाव काय होतं?" मी रजिस्टरात मान घातली. पिंपळगाव राजातल्या शेकडो मुलांची वल्दियत मी माझ्या अक्षरात लिहिली आहे. पण वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत मला स्वतःच्या दादांचे नाव ठाऊक नव्हते.

कारण साधे आहे. अब्बा लहान असताना दादा घर सोडून गेले. दादी मुलाला घेऊन माहेरी आली. अब्बांना शाळेत घातले ते त्यांच्या नानांनी, आणि बापाच्या रकान्यात त्यांनी स्वतःचेच नाव सांगितले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. नातवाला कोणी 'बाप कुठे आहे' असे विचारू नये, एवढाच होता. पण त्यामुळे कागदावर माझी दादी आपल्याच मुलाची बहीण झाली. घरात दादांचा विषय निघाला की नानी दोनच शब्द बोलायची, "गया सो गया." त्या शब्दांपुढे कोणी प्रश्न विचारला नाही.

घरची ही गोष्ट येथे सांगण्याचे कारण साहित्यिक आहे. दादांचा शोध घेताना मला जे वाचावे लागले, त्यातून मुस्लिम मराठी साहित्याबद्दल एक तक्रार माझ्या मनात तयार झाली. ती प्रस्तुत लेखात मांडतो आहे. आपल्या साहित्यात आणि समीक्षेत पूर्वज पुष्कळ आहेत; दादा मात्र सापडत नाहीत.

सोलापुरात १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. फ. म. शहाजिंदे त्याचे अध्यक्ष होते. तेव्हापासून आपण आपली परंपरा सांगत आलो आहोत. ती सांगताना क्रम बहुधा ठरलेला असतो. श्रीगोंद्याचे शेख महंमद आणि त्यांचा 'योगसंग्राम', नंतर इतर मुस्लिम संतकवी. मग शिवाजी महाराजांच्या पदरचे सिद्दी हिलाल आणि आरमारातले दौलतखान. मग १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले सोलापूरचे कुर्बान हुसेन. त्यानंतर एकदम हमीद दलवाई आणि १९६५ चे 'इंधन'. या यादीतील प्रत्येक नाव मोलाचे आहे. संशोधकांनी ती कष्टाने गोळा केली आहेत आणि आपण त्यांचे ऋणी आहोत. पण ही यादी आपण कोणाला वाचून दाखवतो? 'तुम्ही इथले का?' असे विचारणाऱ्याला. हे पूर्वज आपल्या बाजूचे साक्षीदार आहेत. खटला दुसऱ्याने भरला आहे आणि आपण साक्षीदार उभे करीत आहोत. साक्षीदार निवडताना वकील वजनदार माणूस निवडतो. संत, सरदार, हुतात्मा निवडतो. बाजारात कापूस पिंजणारा, पान विकणारा, जिनिंगमध्ये गाठी उचलणारा दादा साक्षीला कोण बोलावणार? तो लढला नाही, गायला नाही, फाशी गेला नाही. तो जगला आणि गेला. त्यामुळे तो आपल्या साहित्यातूनही गेला.

हा विचार मला प्रथम कोल्हापुरात सुचला, आणि तोही पोलंडच्या लोकांमुळे. बी.एड.च्या वर्षी आमची शैक्षणिक सहल कोल्हापूरला गेली होती. तेथे महावीर उद्यानात एक स्तंभ आहे. पोलंडच्या निर्वासितांनी कोल्हापूरच्या आठवणीसाठी तो १९९८ मध्ये उभारला. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश लोकांची छावणी होती. त्यात बायका आणि मुलेच जास्त. १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत रशियाने पोलंड वाटून घेतले. १९४० आणि १९४१ मध्ये पूर्वेकडच्या भागातील लाखो माणसे मालगाड्यांत घालून सैबेरिया आणि कझाखस्तानात पाठविण्यात आली. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केला आणि त्यांची सुटका झाली. १९४२ मध्ये एक लाखाहून अधिक पोलिश सैनिक व नागरिक इराणमध्ये उतरले. त्यांतील काही हजार तेथून हिंदुस्थानात आले. वळिवड्यात त्यांच्या बराकी, शाळा, दवाखाना, चर्च, नाटकमंडळी, स्काऊट असे सगळे होते. १९४८ पर्यंत ते इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका असे पांगले. काही पोलंडला परतले. एक मुलगी कोल्हापुरात लग्न करून इथलीच झाली. रिकाम्या बराकींत फाळणीत उखडलेले सिंधी लोक आले आणि त्या जागेचे गांधीनगर झाले.

या लोकांनी पुढे लंडनमध्ये संघटना केली आणि हिंदुस्थानातील १९४२ ते १९४८ या वर्षांवर सर्वांनी मिळून एक जाडजूड पुस्तक सिद्ध केले. ते आधी पोलिश भाषेत आले आणि २००९ मध्ये इंग्रजीत. अनुराधा भट्टाचार्जी यांनीही २०१२ मध्ये याच विषयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्या सामूहिक पुस्तकात सरदार नाहीत. कागदपत्रे आहेत आणि त्यांच्या जोडीला साध्या माणसांच्या आठवणी आहेत: शाळेत काय शिकवले, कोणाच्या बराकीत काय शिजत होते, कोण आजारी पडले, कोण गेले. पाच वर्षे परक्या मुलखात राहिलेल्या माणसांनी त्या पाच वर्षांचा असा हिशेब ठेवला. आम्ही वऱ्हाडात किती पिढ्या राहिलो ते आम्हालाच मोजता येत नाही, आणि तेथल्या एका दादावर आमच्याकडे एक पान नाही. उद्यानातील स्तंभापुढे माझ्या मनात नुसते कुतूहल होते. त्याची शरम झाली ती पुढे हे वाचताना.

वळिवड्याच्या मुलांपुढेही दादाचाच प्रश्न होता. कित्येकांचे बाप बरोबर नव्हते. कोणी सैन्यात होते, कोणी सैबेरियात राहिले, काहींचे काय झाले ते कळलेच नाही. १९४० च्या वसंतात सोव्हिएत पोलिसांनी सुमारे बावीस हजार पोलिश अधिकारी आणि पोलीस गोळ्या घालून मारले. युद्धापूर्वी शिक्षक आणि डॉक्टर असलेले राखीव अधिकारीही त्यांत होते. कातिनचे जंगल या प्रकरणामुळे जगाला माहीत झाले. त्यांतील युक्रेनमध्ये मारलेल्यांची यादी १९९४ मध्ये पोलंडला मिळाली. बेलारूसमध्ये मारलेल्या तीन हजार आठशेहून अधिक जणांची यादी अजून सापडलेली नाही. म्हणजे आज इंग्लंडमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात एखादा नातू असा आहे, ज्याचे आजोबा न सापडलेल्या यादीत आहेत.

असा नातू शोध कसा घेतो, हे मी जमेल तेवढे वाचले. मला पोलिश येत नाही, पण पद्धत समजायला भाषा आड येत नाही. प्रथम घरातले कागद आणि आजीच्या आठवणी. मग गावाचे नेमके नाव, कारण नोंद गावाला बांधलेली असते. यात मोठी अडचण अशी की १९४५ नंतर पोलंडची सीमाच सरकली. ज्या भागातून ही माणसे उचलली गेली तो आज युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनियात आहे. त्यामुळे काही दप्तर वॉर्सात, काही दुसऱ्या देशात. गाव जागच्या जागी राहिले आणि सरकार बदलले. आम्हा वऱ्हाडवाल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. आमचे गाव न हलता निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभारात गेले, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. आमचेही कागद तालुक्याला, नागपूरला आणि हैदराबादला वाटले गेले.

पोलंडमध्ये जन्माच्या नोंदी शंभर वर्षे आणि लग्न व मृत्यूच्या नोंदी ऐंशी वर्षे नोंदणी कार्यालयात राहतात. नंतर त्या राज्य अभिलेखागारात जातात. तेथील वंशावळ मंडळाच्या स्वयंसेवकांनी जुन्या वह्यांतील कोट्यवधी नोंदींची सूची बनवून सर्वांना खुली केली आहे. सोव्हिएत काळात हद्दपार झालेल्या व तुरुंगात टाकलेल्या लोकांची सूची 'कार्ता' या वॉर्साच्या संस्थेने १९८८ पासून तयार केली. नातवाला आजोबांचे नाव अशा एखाद्या ओळीत सापडते: नाव, बापाचे नाव, जन्मवर्ष, कोठून नेले, कोठे नेले. बापाचे नाव सोबत असते म्हणून सारख्या नावाची दहा माणसे वेगळी काढता येतात.

समीक्षेच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाच्या वाटल्या त्या मध्य पोलंडमधील १८०८ नंतरच्या नोंदी. नेपोलियनच्या कायद्याने आलेल्या या नोंदी रकान्यांत नाहीत. त्या सलग गद्यात आहेत. अमुक गावी, अमुक दिवशी, अमुक वाजता आमच्यासमोर अमुक माणूस हजर झाला. वय इतके, धंदा शेती, राहणार अमुक. त्याच्यासोबत दोन साक्षीदार, त्यांचीही वये आणि धंदे. त्याने आम्हाला मूल दाखवले. मुलाच्या आईचे नाव, तिच्या माहेरच्या आडनावासह. आणि शेवटी बहुतेक नोंदींत असा अर्थ येतो की हा लेख हजर असलेल्यांना वाचून दाखवला, पण त्यांना लिहिता येत नसल्यामुळे सही फक्त आमची आहे. निरक्षर शेतकरी, पण त्याच्यासाठी एक पूर्ण परिच्छेद. त्याला काय येत नव्हते तेही लिहिलेले. त्याची कीव नाही आणि गौरवही नाही. आपल्या ग्रामीण कथेत दादा आला तर तो एक तर फार सोशिक असतो किंवा फार अडाणी. या कारकुनी गद्याइतकी सरळ नजर मला आपल्या कथेत क्वचितच दिसते.

बाप ठाऊक नसेल तर या वह्यांत पुष्कळदा दोनच अक्षरे असतात: एन.एन. 'नाव माहीत नाही' या अर्थाच्या लॅटिन शब्दांचे ते संक्षिप्त रूप आहे. म्हणजे रिकामी जागा रिकामी आहे, हे लिहून ठेवलेले आहे. अब्बांच्या नानांनी हीच जागा भरून टाकली होती.

वाचकांना कदाचित माहीत नसेल की पोलंडमध्येही आपले लोक आहेत. लिपका तातार नावाचे मुसलमान तेथे सहाशे वर्षांपासून राहतात. क्रुशिनियानी आणि बोहोनिकी या खेड्यांत त्यांच्या लाकडी मशिदी उभ्या आहेत. १६७९ मध्ये राजा यान सोबिएस्कीने त्यांच्या सैनिकांना पगाराऐवजी तेथे जमिनी दिल्या. त्यांची आडनावेही बोलकी आहेत. 'आखमातोविच' म्हणजे आपल्या अहमदवरून झालेले आडनाव. रशियन अमलात त्यांच्या इमामांकडेही जन्म, निकाह आणि मृत्यूच्या वह्या होत्या. परंतु तातारांवरचा जो ग्रंथ नावाजला गेला तो या वह्यांवरचा नाही. स्तानिस्वाव जादुलेविच यांनी १९२९ मध्ये तातार घराण्यांचा कुलग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात आहेत ती अमीर-उमराव घराणी. तातार सरदारांना आपले खानदानीपण रशियन सरकारपुढे सिद्ध करावे लागत होते, म्हणून अशा कागदांची गरज होती. क्रुशिनियानीत कातडे कमावणारा किंवा भाजी पिकवणारा तातार या कुलग्रंथात येत नाही. तो असेल तर इमामाच्या वहीत. तेव्हा पूर्वज आणि दादा हा फरक आपल्यापुरता नाही. जेथे जेथे अल्पसंख्याकाला आपली जागा सिद्ध करावी लागते, तेथे त्याच्या हाती कुलग्रंथ येतो आणि वही माळ्यावर जाते.

वही नसेल तर काय करावे? याचे एक उत्तर अमेरिकेतील ॲलेक्स हेली यांनी 'रूट्स'मध्ये दिले. १९७६ चे हे पुस्तक जगभर गाजले, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. गँबियातून गुलाम म्हणून नेलेला कुंता किंते हा मुसलमान तरुण त्यांनी आपला सातव्या पिढीचा पूर्वज म्हणून उभा केला. आपल्याकडेही अनेकांनी ते पुस्तक भारावून वाचले. पण १९७८ मध्ये हॅरल्ड कुरलँडर या लेखकाच्या कादंबरीतील मजकूर घेतल्याबद्दल हेलींना त्याच्याशी तडजोड करावी लागली आणि नंतर वंशावळ तपासणाऱ्यांना अमेरिकेतील जुन्या नोंदी पुस्तकाशी जुळत नाहीत असे आढळले. या पुस्तकामुळे हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे आपले कागद शोधू लागली, हे त्याचे मोठे श्रेय आहे. तरीही प्रश्न राहतोच. हेलींनी कादंबरी लिहिली असती तर कोणाची तक्रार नव्हती. त्यांनी एन.एन.च्या जागी एक भव्य नाव लिहिले आणि ते नोंद म्हणून दिले.

दुसरे उत्तर मराठीत आहे आणि ते मला जास्त मोलाचे वाटते. शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ मध्ये आले. ज्याच्या बापाचे नाव समाज मान्य करीत नाही अशा मुलाचे हे आत्मकथन आहे. शाळेच्या रजिस्टरातला बापाचा रकाना त्यात किती जड होतो, ते प्रत्येक शिक्षकाने वाचावे. लिंबाळे रिकामी जागा झाकत नाहीत. त्यांची आजी संतामाय आणि तिच्यासोबत राहणारा मुसलमान दादा या मुलाला वाढवतात. हा दादा रक्ताचा नाही, जातीचा नाही, धर्माचा नाही, आणि तरी तोच त्याचा दादा आहे. आपल्या लोकांना मी विचारतो: मराठीत मुसलमान दादा इतका जिवंत दुसरीकडे कोठे भेटला आहे? मला तरी भेटला तो एका दलित लेखकाच्या पुस्तकात. ही गोष्ट लिंबाळे यांच्या मोठेपणाची आहे आणि आपल्या उणिवेचीही. दलित आत्मकथनांनी आई, आजी, बाप यांना त्यांच्या धंद्यासकट आणि भुकेसकट आणले. आपण त्याच काळात परंपरेचे पुरावे गोळा करीत होतो.

कोणी म्हणेल, आपल्याकडे साधन काय आहे? साधन आहे, आणि त्याची भाषाही आपली आहे. मराठीचे दप्तर उघडा. वल्द, साकीन, मौजे, नक्कल, फेरफार, वारस, दाखल-खारिज. वऱ्हाडात जन्ममृत्यूच्या नोंदींचे जुने कोतवाल बुक तहसीलमध्ये मिळते. काझीच्या वहीत निकाह असतो. त्यात वधू-वरांची वल्दियत, मेहर, वकील आणि दोन गवाह. हदीसच्या विद्येत तर कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी तपासल्याशिवाय वाक्य स्वीकारत नाहीत. एवढी शिस्त ज्यांच्याकडे आहे त्यांनी दादाच्या बाबतीत ऐकीव गोष्टीवर समाधान मानावे, हे विचित्र आहे. वंश कशासाठी जपायचा याचेही मार्गदर्शन आहे. सूरह हुजुरातच्या तेराव्या आयतीचा आशय असा की कुळे आणि कबिले एकमेकांची ओळख पटावी म्हणून आहेत. मोठेपणा त्यांवर ठरत नाही. सूरह अहज़ाबची पाचवी आयत सांगते की मुलाला त्याच्या खऱ्या बापाच्या नावाने हाक मारा, आणि बाप ठाऊक नसेल तर तो तुमचा दीनी भाऊ आहे. म्हणजे एन.एन.ची जागा आपल्याकडेही आहे. ती खोट्या नावाने भरायची नाही आणि त्या माणसाला कमीही लेखायचे नाही.

आता माझ्या दादांकडे येतो. शोध सुरू झाला तो साहित्यासाठी नव्हे, कागदासाठी. धाकट्या भावाला जातवैधता हवी होती. इतर मागासवर्गात येणाऱ्या आपल्या बिरादऱ्यांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तो बापाच्या बाजूचा लागतो. आमच्याकडे बापाच्या बाजूला कोणीच नव्हते. मलाही त्या वेळी दादा पुराव्यासाठीच हवे होते, हे कबूल केले पाहिजे. मीही साक्षीदारच शोधत होतो.

कोतवाल बुकात अब्बांच्या जन्माच्या सालात एक ओळ मिळाली. मुलाचे नाव नव्हते, फक्त 'मुलगा'. बापाचे नाव होते. जात 'मुसलमान', धंदा 'मजुरी'. दादीने मरण्यापूर्वी फुफीला सांगितलेल्या नावाशी ते नाव जुळले. जातीच्या दाखल्यासाठी ही ओळ निरुपयोगी ठरली, कारण 'मुसलमान' लिहिल्याने बिरादरी सिद्ध होत नाही. पण आता मला थांबता येईना. पोलिश वह्यांवरील एका लेखात वाचले होते की माणूस स्वतःच्या नोंदीत सापडला नाही तर त्याला दुसऱ्यांच्या नोंदीत, साक्षीदारांत शोधावे. मी एका काझी साहेबांना विनंती केली. त्यांनी मोठ्या मनाने जुनी वही काढली. दोन जुम्यांच्या बैठकींनंतर एका परक्या माणसाच्या निकाहात दुसऱ्या गवाहाच्या जागी ते नाव मिळाले. वल्द अमुक, साकीन दुसऱ्या तालुक्यातले एक गाव. सहीच्या जागी अंगठा.

आमच्या घरात एक समजूत होती की दादा जिनिंग फॅक्टरीत मुन्शी होते, हिशेब लिहीत असत. ही समजूत कोणी पसरवली ते माहीत नाही. बहुधा दादीनेच, मुलाची मान ताठ राहावी म्हणून. अब्बांनी तिच्या आधारावर आयुष्य काढले. मला बी.एड. करायला लावताना ते म्हणायचे, "अपने ख़ानदान में क़लम है." मी त्यांच्यापुढे त्या पानाची नक्कल ठेवली. त्यांनी चष्मा लावून पाहिले आणि विचारले, "अंगूठा? दस्तख़त नहीं आती थी क्या?" मी म्हणालो, "नहीं आती थी, अब्बा." त्यांनी कागद परत दिला. दोन दिवस ते या विषयावर बोलले नाहीत. मला वाटले, मी चूक केली. मुन्शी होता तो बरा होता. तिसऱ्या दिवशी फज्रनंतर त्यांनी विचारले, "वो गाँव कौन सा लिखा है? बस जाती है क्या वहाँ?"

आम्ही जाऊन आलो. तेथे कोणी आप्त भेटले नाहीत. एका म्हाताऱ्या माणसाला ते नाव अंधुक आठवले, पण त्याच्या आठवणीतला माणूस तोच असेल असे मला खात्रीने म्हणता येत नाही, म्हणून त्याचे बोलणे येथे लिहीत नाही. कबर मिळाली नाही. दादा घर सोडून का गेले, ते अजूनही कळलेले नाही. ती जागा मी रिकामी ठेवली आहे.

हे सांगून मी आपल्या लेखकांपुढे एक मागणी ठेवतो. संतांवर, सरदारांवर, हुतात्म्यांवर लिहिणे थांबवू नका. पण प्रत्येकाने आपल्या दादावर एक पान लिहावे, आणि दादीवरही, तिच्या माहेरच्या नावासह. नाव, वल्द, साकीन, धंदा, सही की अंगठा, कोणाच्या निकाहात गवाह होता, कोणाचे देणे लागत होता. कळले नाही ते कळले नाही म्हणून लिहावे. समीक्षकांनीही या पानांची कसोटी तीच ठेवावी. दादा किती थोर होता हे विचारू नये. जो होता तो आहे का, आणि मोकळी जागा मोकळी ठेवली आहे का, एवढे पाहावे. मुन्शी लिहायला सोपा आहे. अंगठ्याचा माणूस लिहायला जड जातो, कारण तो लिहिताना अगोदर आपल्यालाच त्याला स्वीकारावे लागते. अब्बांना त्यासाठी दोन दिवस लागले. आपल्या साहित्याने त्याहून किती तरी जास्त वेळ घेतला आहे.

भावाची जातवैधता झाली नाही. त्याने खुल्या प्रवर्गातून प्रवेश घेतला आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. यंदा जूनमध्ये रजिस्टर पुन्हा माझ्यापुढे आले. तो जुना पालक दुसऱ्या मुलाला घेऊन आला होता. मी त्याला त्याच्या परदादांचे नाव विचारले. तो नेहमीसारखा हसला. मग मी त्याला माझ्या दादांचे नाव सांगितले, धंदा मजुरी हेही सांगितले. तो हसायचा थांबला आणि म्हणाला, "सर, घरी जाऊन अम्मीला विचारतो. तिला माहीत असेल."